मातीत पुरा, माती होईल

मी लिहिलेली एक ओळ माझ्या भावाने कुदळीने जमिनीतून वर काढली. पंचवीस वर्षं मी हे काम करते आहे, पण आपलं लिखाण असं मातीसकट परत हातात येईल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

माझं काम जाहिरातींचं मराठी करायचं. कंपन्या इंग्रजी मजकूर पाठवतात आणि मी तो मराठीत आणते. साबणाची वेष्टनं, खताच्या गोण्या, इमारतींची माहितीपत्रकं, दुकानांच्या पाट्या. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर आहे, तिथे खिडकीशी टेबल टाकून मी बसते. असल्या मजकुराखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर ते सोयीचंच होतं.

या धंद्यात शिरल्यावर पहिल्या वर्षातच एक गोष्ट कळली. ज्या शब्दाबद्दल पुढे कोणी जाब विचारू शकणार नाही, तो शब्द कंपनीला सर्वांत जास्त आवडतो. 'निसर्गस्नेही' म्हणा, 'हरित' म्हणा, 'पर्यावरणपूरक' म्हणा. निसर्गाशी स्नेह म्हणजे नेमकं काय केलंत, हे कोण विचारायला जाणार? आमच्या शेजारच्या इमारतीचं माहितीपत्रक मीच लिहिलं. 'जलसंवर्धनाचा वसा घेतलेलं संकुल' असं त्यात म्हटलं होतं. गच्चीवरून हिरवा रंग दिलेला एक पाइप खाली येतो, तो संवर्धनाचा. जमिनीपाशी येऊन तो गटारात सुटतो. रोज सकाळी पाण्याचा टँकर त्या पाइपाला खेटूनच उभा राहतो. मी खिडकीतून ते बघायची आणि हसायची. हसण्यापलीकडे आपला त्यात काही संबंध आहे, असं मला वाटत नसे.

माझं माहेर आगाशीच्या बाजूला. तिथे वाडी आहे, दादा आणि वहिनी ती बघतात. केळी, माड, थोडी फुलझाडं. दादा अबोल. वहिनी खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून आलेली, आमच्या घरात येऊन तीस वर्षं झाली तरी पाण्याला अजून पानीच म्हणते. चौथीपर्यंत शिकलेली. वाचते सावकाश, अक्षराला अक्षर लावून, पण एकदा वाचलं की त्यावर भरवसा ठेवते. छापलेलं आहे म्हणजे कोणा जबाबदार माणसाने विचार करून छापलं असणार, असं तिला वाटायचं. विरारला माझ्याकडे आली की रिक्षातून एकेक फलक बघायची आणि विचारायची, "बाय, हे तू लिवलंस काय?" मी लिहिलेलं निघालं की रिक्षात बसलेल्या अनोळखी बाईलाही ते सांगितल्याशिवाय राहायची नाही. मी वरवर वैतागायची. आतून मला ते फार आवडायचं.

दरवर्षी पावसाळा सरला की वहिनी सुकेळी करायला घेते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणातल्या मांडवावर उन्हात मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभर हेच. केळं आक्रसून मधाच्या रंगाचं झालं की सुकेळी तयार. बांधायची रीतही ठरलेली होती. केळीच्या खोडाचे वाळलेले पापुद्रे असतात, आम्ही त्याला सोपट म्हणतो. त्या सोपटात गुंडाळून सोपटाच्याच दोरीने आवळायचं. वहिनीच्या सुकेळ्यांना आगाशीच्या बाजारात नाव होतं, पण त्याहून तिच्या शब्दाला होतं. मागच्या वर्षीचा माल असेल तर आपणहून सांगायची. ढगाळ हवेत नीट न वाळलेली खेप तिने चांगल्यात कधी मिसळली नाही. गिऱ्हाईक तिच्याकडे चाखून बघत नसे, तिला विचारून घेत असे. पुढे जे पणाला लागलं ते हेच, वहिनीचं सांगणं.

झालं असं की सोपटातली सुकेळी विरारच्या दुकानदारांना नकोशी झाली. आत काय आहे ते दिसत नाही, म्हणे. पारदर्शक पाकीट हवं. तोवर प्लास्टिकवर बंदी आलेली, वहिनीला दंडाची धास्ती, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे प्लास्टिक तिला मनातूनच नको होतं. आमच्या वाडीत कचरा नावाची वस्तू नव्हती. केळीच्या बुंध्याभोवती पाण्यासाठी खोलगट आळं करतात. घड उतरवला की खोड तोडून त्याच आळ्यात घालायचं. साली, पानं, नासकं फळ, सगळं आळ्यात. मासळी धुतलेलं पाणी माडाच्या मुळाशी. वाडीतून निघालेलं वाडीत परत गेलं पाहिजे, हा माझ्या आईने घालून दिलेला नियम वहिनी देवाच्या दिव्याइतक्या निष्ठेने पाळायची. प्लास्टिक कुठल्या आळ्यात घालणार?

नेमकं त्याच सुमाराला वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यातून मला काम आलं. पाकिटं बनवणारा मनुष्य होता, चाळिशीतला, बोलायला गोड. त्याच्या नव्या पाकिटावर मराठी मजकूर हवा होता. इंग्रजी कागदावर निसर्गस्नेही, विघटनशील, हरित पर्याय आणि त्याच जातीचे आणखी एकदोन शब्द होते. मला कंटाळा आला. अंगणात उभ्या असलेल्या बाईला 'विघटनशील' म्हणजे काय कळणार? भाषेच्या बाबतीत मी तापट आहे. पोकळ शब्द दिसला की तो खोडायला माझा हात शिवशिवतो. मी त्याच्या सगळ्या शब्दांवर काट मारली आणि एकच ओळ लिहिली: 'मातीत पुरा, माती होईल.'

फोनवर त्याने ती ओळ दोनदा वाचून घेतली. मग म्हणाला, "मॅडम, एकदम कडक झालंय." ओळ गर्द हिरव्या अक्षरांत छापली गेली, शेजारी दोन पानांचं रोपटं. मी इतकी खूश होते की पाकीट खरोखर कशाचं बनवलं आहे, हे विचारायचं मला सुचलंही नाही. शुद्धलेखन मात्र तीनदा तपासलं.

पहिल्या छपाईतला एक गठ्ठा मी स्वतः आगाशीला घेऊन गेले. वहिनीने ओळीवर बोट ठेवून ती वाचली. पाकीट उजेडात धरलं, चुरगाळून पाहिलं.

"खरंच होईल?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, मीच लिहिलंय," मी म्हटलं.

तिने पुन्हा काही विचारलं नाही. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

तीन हंगाम ती पाकिटं चालली. वहिनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "रिकामं झालं का फेकू नका. कुंडीत पुरा, झाडाखाली पुरा. माझ्या नंदेनं लिवलंय. ती खोटं लिवनार नाय." विरारच्या इमारतींतल्या बायका म्हणायच्या, आमच्याकडे माती कुठे आहे? त्यावर हिचं उत्तर तयार असे. "मंग मला आनून द्या, मी आमच्या आळ्यात घालते." आणि लोक खरंच आणून देत. सुकेळी न्यायला येताना रिकाम्या पाकिटांची जुडी घेऊन येत, दुसऱ्या दुकानांतून आलेली, तीच ओळ छापलेली पाकिटंसुद्धा. वहिनी ती धुऊन, फाडून केळीच्या मुळाशी नीट पसरायची आणि वर शेणखत घालायची. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं. पाकिटावर काय वाटेल ते छापलेलं असो, लोक ते डब्यात टाकतात आणि विसरून जातात. वाडीतल्या बाईनेच ते एवढं मनावर घेतलं, कारण तिला लहानपणापासून मातीला परत देणं एवढंच ठाऊक होतं.

तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत वसईजवळच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना टीचर म्हणत. त्यांच्या अंगणात गुलाबाच्या कुंड्या होत्या, त्यांची फुलं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसाला जायची. पाकिटावरची ओळ टीचरना फार पटली होती. त्यांनी कुंड्याकुंड्यांत पाकिटं पुरली आणि शेजारणींनाही पुरायला लावली, हे वहिनी मला कौतुकाने सांगायची. एका शाळेच्या बाईला आपल्या नणंदेचं लिखाण पटलं, याचा तिला कोण अभिमान.

चौथ्या वर्षी दादाने केळीची जुनी बेटं काढायला घेतली. त्या बाजूची केळ दोन पावसाळे नीट येत नव्हती. आळ्यात पाणी तुंबायचं, पानं पिवळी पडायची. कंदाला कीड लागली असं दादाचं मत होतं. त्या रविवारी मी बसने आगाशीला उतरून वाडीवर गेले, तर अंगणातल्या मांडवावर काहीतरी वाळत घातलेलं लांबूनच दिसलं. ते काही सुकेळ्यांचे दिवस नव्हते. जवळ गेले. कांद्याच्या सालीसारखे पातळ तुकडे होते, मोजता येणार नाहीत इतके, काही नखाएवढे, काही तळहाताएवढे. दादाने ते उकरून काढले होते, वहिनीने पंपाखाली धुतले होते. काही तुकड्यांतून केळीची मुळं आरपार गेली होती आणि तशीच लोंबत होती. पाकिटं फाटून त्यांचे तुकडे झाले होते, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे. अक्षरं मात्र शाबूत. एका तुकड्यावर 'माती', एकावर 'होईल', रंगसुद्धा उडाला नव्हता.

दादा विहिरीच्या कठड्यावर आमच्याकडे पाठ करून बसला होता.  वहिनीने एक तुकडा उचलून माझ्या हातात दिला.

"बाय, माती होईल म्हनून लिवलंस," ती म्हणाली. "कदी होईल?"

ती टोमणा मारत नव्हती. किती वर्षं थांबायचं, हे तिला खरंच विचारायचं होतं. तिने टोमणा मारला असता तर मी भांडले असते, माझा स्वभावच तसा आहे. या प्रश्नावर भांडता येत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी चपला न घालताच फाटकापर्यंत गेले, तिथे उगीच उभी राहिले आणि परत आले. मांडवावरचे तुकडे वाऱ्याने उडू नयेत म्हणून वहिनी त्यांच्यावर जाळी पसरत होती, दरवर्षी सुकेळ्यांवर पसरते तीच.

दुसऱ्या दिवशी मी वसई पूर्वेला त्या गाळ्यावर गेले. पाकीटवाला मला बघून खूश झाला, त्याने चहा मागवला. मी पर्समधून रुमाल काढला आणि त्यात बांधलेले तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले. प्रमाणपत्र दाखवा, म्हटलं.

त्याने खणातून एक प्लास्टिकच्या आवरणातला कागद काढला. मी तो नीट वाचला. वरचं नाव दुसऱ्याच कंपनीचं होतं, माल दुसराच होता, आणि मुदतही संपलेली होती.

"हे तुमचं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, पाकिटाचा कच्चा माल, तो दाणा, त्यांच्याकडून घेणार होतो. लई महाग पडला. मग आपला रेग्युलर प्लास्टिकचा दाणाच वापरला, त्यात एक पावडर मिक्स करतो. त्याने तुकडे पडतात."

"तुकडे पडतात. माती होते का?"

"आता एवढे बारीक झाले की दिसत नाहीत ना कोणाला."

"आणि ज्याचं प्रमाणपत्र आहे त्या मालाची होते?"

"त्याची होते, पण अशी अंगणात नाही. त्याला मोठ्या प्लांटमध्ये घालावं लागतं, तिथे तेवढी गरमी असते. मॅडम, खरं सांगू का, सगळेच असं लिहितात. वाचून खरंच कोणी पुरेल, असं कोणाला वाटलं होतं?"

मी आवाज चढवला. खोटं छापलंत, म्हटलं, लोकांच्या मातीत विष कालवलंत. शेजारच्या मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. तो शांतपणे ऐकत राहिला. मग उठला, कपाटातून एक फाइल काढली आणि त्यातला जुना इंग्रजी कागद माझ्यासमोर ठेवला, त्यानेच मला पाठवला होता तो.

"मॅडम, यात 'पुरा' कुठे आहे?" त्याने विचारलं. "आम्ही विघटनशील म्हटलं होतं. पुरायचं तुम्ही लिहिलंत. मला वाटलं तुम्ही वाडीवाल्या, तुम्हाला त्यातलं माहीत असणार."

कागदावर खरोखरच ते नव्हतं. त्याचे शब्द पोकळ होते, फसवे होते, पण त्या शब्दांनी कोणी कुदळ हातात घेतली नसती. कुदळ हातात घ्यायला सांगणारी ओळ माझी होती. त्याच्या खोट्याला मी चांगल्या मराठीत बसवलं होतं आणि वहिनीच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं. मी चहा तसाच टाकून उठले. निघताना त्याने नव्या पाकिटाचा नमुना दाखवला. त्यावर रोपट्याच्या जागी पृथ्वीचा गोळा आला होता, आणि मजकुराची जागा त्याने माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी नाही म्हटलं. त्याला मनापासून आश्चर्य वाटलं.

घरी येऊन मी मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत प्रत्येक बाटली आणि पुडा उलटा करून वाचला. एवढ्या वर्षांत असल्या वस्तू मी फक्त लिहिणारीच्या नजरेने बघितल्या होत्या, घेणारीच्या नजरेने कधीच नाही. जिकडेतिकडे पानं, थेंब, हिरवे गोल. एक गोल तर सरकारी शिक्क्यासारखा दिसत होता, नीट बघितलं तर तो कंपनीने स्वतःच स्वतःला दिलेला. भांड्यांच्या साबणावर 'निसर्गाच्या सान्निध्यातून' असं होतं, ते माझंच. कशाच्या जोरावर म्हणता, कोणी तपासलं, वस्तूचा कुठला भाग म्हणता, बाटली की आतलं पाणी, याचं उत्तर शोधायला गेलं की मागच्या बाजूला काहीच नाही. एका तांदळाच्या पिशवीवर मात्र प्रमाणपत्राचा क्रमांक होता. मी तो क्रमांक फोनवर शोधून पाहिला. सापडला, त्याच शेतकरी गटाच्या नावावर, चालू वर्षाचा. तेव्हाच कळलं की खरोखर माती होणाऱ्या पिशव्यांवरही बनवणाऱ्याचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापावा लागतो, तसा नियम आहे. आमच्या पाकिटावर रोपटं होतं. हे सगळं शोधायला चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला. तीन वर्षांपूर्वी तेवढा वेळ मी दिला नव्हता.

पुढच्या रविवारी मी वाडीवर जाऊन दोघांना सगळं सांगितलं. कागदावर 'पुरा' नव्हतं, हेही सांगितलं. ते गाळलं असतं तरी चाललं असतं, त्यांना कधी कळलं नसतं. पण वहिनी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

दादा म्हणाला, "झालं ते झालं. आता सोपटात बांधायला लागू. कोणाला सांगायची गरज नाही. कोण बघतंय कुंडीत उकरून?"

"मी सांगितलंय त्यांना," वहिनी म्हणाली. "माझ्या तोंडानं सांगितलंय. त्या मातीत बाया मेथी लावतात, कोथमीर लावतात. त्यांना आता कोन सांगनार?"

"लोक म्हणतील तू फसवलंस. गिऱ्हाईक तुटेल."

"तुटू दे."

दादा उठून पंपाकडे गेला. तीस वर्षांत वहिनीने त्याला असं तोडून उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

त्या हंगामात सुकेळी पुन्हा सोपटात गेली. दुकानदारांपैकी निम्म्यांनी माल घेतला नाही. प्रत्येक जुडीत एक चिठ्ठी घालायची, असं वहिनीने ठरवलं, आणि चिठ्ठी मी लिहायची. मी ओटीवर बसून लिहिली. पहिला मसुदा वाचून दाखवला: 'आमच्या सुज्ञ ग्राहकांना नम्र निवेदन. पाकिटांच्या विघटनाबाबत काही शंका उपस्थित झाल्याने...'

"थांब," वहिनी म्हणाली. "शंका कोनाला आली?"

मी पुन्हा कागदाकडे बघितलं.

"शंका नाय आली, बाय. आपन खोदून काढलंय. जे छापलं ते खोटं होतं, हे याच्यात कुठंय?"

ते कुठेच नव्हतं. पंचवीस वर्षं जे करत आले तेच मी आताही केलं होतं, माफीच्या चिठ्ठीतसुद्धा. मी तो कागद फाडला. दुसऱ्या मसुद्यात 'आमची फसवणूक झाली' असं आलं, ते तिने काढायला लावलं. ज्याने पाकिटं बनवली त्याने आपल्याला फसवलं असेल, ती म्हणाली, पण गिऱ्हाइकाला सांगितलं ते आपण सांगितलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'गेली तीन वर्षं आम्ही दिलेल्या पाकिटांवर मातीत पुरा, माती होईल, असं छापलं होतं. ते खोटं आहे. त्यांची माती होत नाही, तुकडे होतात. पाकिटं पुरू नका. पुरली असतील तर काढा. तुम्हाला जमत नसेल तर आम्हाला आणून द्या. ही ओळ न तपासता लिहिली होती.'

"कोनी लिवली होती?" वहिनीने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं.

"खाली नाव घाल," ती म्हणाली. "नाव नसलं तर कोन मानील?"

मी नाव घातलं.  माझ्या मजकुराखाली माझं नाव येण्याची ती पहिलीच वेळ.

लोकांनी चिठ्ठ्या वाचल्या. काहीजण बोलले, काहींनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. एक बाई बाजारात वहिनीला सगळ्यांसमक्ष लागेल असं बोलली आणि वहिनीने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. मला मध्ये पडायचं होतं, तिने हातानेच थांबवलं. पाकिटंही येऊ लागली. पूर्वी यायची तशीच, फक्त आता चिखलाने माखलेली.

टीचर एका सकाळी रिक्षा करून आल्या. मी त्या दिवशी वाडीवरच होते, मांडवावरची सुकेळी उलटत होते. त्यांच्या एका हातात तेलाचा जुना पत्र्याचा डबा होता, दुसऱ्या हातात आमची चिठ्ठी. चष्मा पुसून त्यांनी चिठ्ठीखालचं नाव मोठ्याने वाचलं, वर्गात हजेरी घेताना वाचतात तसं.

"हे कोण?"

 वहिनी हातातलं केळं सोलत राहिली.

"मी," मी म्हटलं.

टीचरनी माझ्याकडे नीट बघितलं. "दोन कुंड्यांतले गुलाब गेले," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या उपसल्या. पण तुकडे फार बारीक आहेत. माझी नजर चालत नाही आता."

त्यांनी डबा पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. काठोकाठ माती भरलेली होती, दिसायला होता त्याहून कितीतरी जड. मी मांडवाखाली फडकं पसरलं, त्यावर माती ओतली आणि वेचायला बसले.